रुकुनीचा कोट

रुकुनी मेल्यावर त्याचा कोट मी अंगात घालणार, हे आम्हा दोघांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या आजाचा साहविरा माझा आजा, त्याच्या बापाचा माझा बाप, आणि त्याचा मी, झिंदोगा. आमच्या गुतू भागात साहविऱ्यावाचून घर नसतं. साहविऱ्याने त्या घराची उघड थट्टा करायची, नवराबायकोच्या भांडणात नाक खुपसायचं, वडीलधाऱ्यांचं चुकलं तर त्यांना तोंडावर सुनवायचं. आणि घरातलं माणूस गेलं की मयताला जमलेल्या लोकांपुढे त्याचेच कपडे घालून त्याची नक्कल करायची. तो कसा चालायचा, कसा खोकायचा, शेळ्यांना काय शिव्या घालायचा. रडणारे लोक हसले पाहिजेत. ते हसले की समजायचं, माणूस नीट मार्गी लागला. पोटच्या पोराने हे काम करायचं नसतं, त्याने रडायचं असतं. आणि माणूस जिवंत असताना तर ते कुणीच करायचं नसतं. एवढी साधी गोष्ट कुणाला सांगायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

रुकुनीची मुलगी मुचानेता ही विद्या माझ्याकडे बघूनच शिकली, असं माझं म्हणणं आहे. वर्तमानपत्रात तिची मुलाखत येते तेव्हा ती बऱ्याच थोरामोठ्यांची नावं घेते. त्यात माझं नसतं. नसू दे.

तिचं नाव तिच्या आईने ठेवलेलं. मुचानेता म्हणजे 'थकाल तुम्ही'. सासरच्या बायका, विशेषतः रुकुनीची बहीण सेकेसाई, तिला रोज टोमणे मारायच्या. ती उलट काही बोलली नाही, पोरीला नाव तेवढं दिलं. मग रोज पोरीला हाक मारायची म्हणजे नणंदेला उत्तर देऊन व्हायचं. ही बाई लवकर गेली. मयताला मी तिचं फडकं डोक्याला बांधून उखळाशी उभा राहिलो आणि तिच्यासारखं मुसळ चालवत, ओठ घट्ट मिटून, फक्त नाकाने सेकेसाईशी भांडलो. सगळ्यात आधी हसली ती तिची पोर. माझ्या पुढ्यातच बसली होती. हसली आणि लगेच मागे वळून बघायला लागली, आपण हसलो ते आईने पाहिलं की काय, अशी. पुढे कितीतरी दिवस ती विहिरीवर पोरांना ती नक्कल करून दाखवायची. आईची नाही. मी केलेल्या आईची.

शाळेत गेल्यावर तिला बोलायला जागा मिळाली. स्वातंत्र्यदिनाला मास्तरांनी झेंड्यावरची कविता पाठ करायला दिली होती. हिने उभं राहून विहिरीवरच्या रांगेवर स्वतःचंच काही म्हटलं, रांगेतल्या एकेका बाईच्या आवाजात. मास्तर रागावले, पण लोक हसले, आणि गावप्रमुखांनी तिला बक्षीस म्हणून कोंबडी दिली. पुढे कॉलेजसाठी ती हरारेला निघाली. आमच्याकडे थंडी जूनमध्ये पडते, तसली बोचरी थंडी होती. नाक्यावर बस आली तेव्हा रुकुनीने आपला जाड कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि स्वतः शर्टावर कुडकुडत घरी आला. नंतर त्याने जुन्या कपड्यांच्या बाजारातून तसलाच दुसरा घेतला.

कॉलेज तिने अर्ध्यावर सोडलं. हरारेत कुठल्याशा हॉटेलात लोक बिअर पीत बसायचे आणि हातात माईक घेऊन तरुण पोरंपोरी कविता करून दाखवायची. वाचून नाही, अंगाने करून. तिथे तिचं नाव झालं. मग दोन पुस्तकं निघाली आपल्या भाषेत, एक इंग्रजीत. डर्बनला बोलावणं आलं, नैरोबीला आलं, मग जर्मनी, हॉलंड. रुकुनी ती पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि आल्यागेल्याला पेटी उघडून दाखवायचा. वाचली का, असं मी विचारलं तर म्हणायचा, माझीच पोर आहे, मला माहीत आहे ती काय म्हणत असेल.

ते त्याला माहीत नव्हतं.

तिच्या ज्या कवितेला सगळीकडे मागणी होती, ती तिच्या बापावर होती. बापावर कसली, बापच होता तो. बापाचा कोट घालून ती मंचावर यायची. आधी आतूनच खोकायची, दोन आखूड, एक लांब, आणि मग 'हेऽ' असं शेळ्यांना ओरडायची. पुढे पाद्र्याची टोपी खाणाऱ्या शेळीची गोष्ट, जी रुकुनी दारूच्या प्रत्येक बैठकीत सांगायचा. मग बायको गेल्यावर एकट्याने जेवणारा बाप. लोक आधी पोट धरून हसायचे आणि मग रडायचे. हे मला कसं माहीत? सगळ्यांनाच माहीत झालं. कुणीतरी फोनवर पाठवलं, आणि एका दुपारी पिठाच्या गिरणीवर रांगेतल्या बायकांनी पाहिलं.

आता त्या बायकांच्या जागी बसून बघा. माणसाचा कोट घालून कुणीतरी त्याच्यासारखं खोकतंय, आणि समोर लोक हसतायत, डोळे पुसतायत. याचा आमच्याकडे एकच अर्थ. त्यातून ते करतेय पोटची पोर, म्हणजे साहविऱ्यालाही कळवलं नसणार, शहरात नेऊन परस्पर उरकलं असणार. पलीकडच्या गावच्या त्याच्या चुलत भावजया डोक्यावर पिठाच्या टोपल्या घेऊन, वाटेपासून गळा काढत आल्या. रुकुनी शेळ्यांच्या कोंडवाड्यातून बाहेर आला आणि त्याने विचारलं, कोण गेलं?

मयताला आलेल्या बायकांना परत कसं पाठवायचं, याची रीत आमच्याकडे नाही. शेवटी त्यांनी आणलेल्या पिठाचा सादझा, आमची घट्ट उकड, ढवळला, कोंबडी कापली आणि सगळे जेवले. स्वतःच्या मयताचं जेवलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय, असं मी म्हणालो, तर रुकुनी हसला. मनापासून हसला. त्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नाही.

कारण दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं विहिरीवर खोकायला लागली. दोन आखूड, एक लांब. बैठकीत रुकुनीने शेळीची गोष्ट काढली की लोक म्हणायचे, आता टोपीचं येऊ दे, आणि त्याच्या आधीच ते म्हणून टाकायचे, तिच्या ढंगात. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं बोलणं संपलेलं असेल तर त्याने करायचं काय? रुकुनीने गोष्ट सोडली. मग कोट सोडला, ऐन थंडीत. काठी टेकत तो डावीकडे झुकून चालायचा, ती काठी सोडली. मग तो खोकला गिळायला लागला. छातीतून खोकला वर यायचा, तो ओठ मिटायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मी आयुष्यभर त्या खोकल्यावरून ओळखत आलो होतो की रुकुनी आला. आता तो मागे येऊन उभा राहिला तरी मला कळायचं नाही. 'हो', 'नाही' आणि पावसाचं काय, एवढंच बोलायचा.

माझाही राग होता, तो वेगळाच. माझं काम ती आधीच करून बसली होती, आणि वर तिला विमानाचं तिकीट मिळत होतं. रुकुनी खरंच गेला की मी काय करणार होतो? लोक म्हणाले असते, पोरीचं पाहिलंय, तिचं जास्त चांगलं होतं.

शेवटी सेकेसाईने भाचीला फोन लावला आणि तिला तोंडाला येईल ते बोलली. ऑगस्ट होता. वारा सुटला होता, नाचणी खळ्यावर येऊन पडली होती. मुचानेता आली ती चाकांची बॅग घेऊन, आणि आमच्या वाटेवरच्या वाळूत ती चाकं फिरेनात म्हणून बॅग डोक्यावर घेऊन. किती वर्षांनी आली, ते मी मोजलं नाही. तिच्या केसांत पांढरे दिसायला लागले होते.

रुकुनीने रीतीप्रमाणे सगळं केलं. ती गुडघे टेकून, तळवे जोडून बसली, टाळ्या वाजवून ख्यालीखुशाली विचारली. त्याने उत्तर दिलं, उलट विचारलं, आणि गप्प झाला. तिने रांधलं, तो जेवला. तिने काही बोलावं, त्याने मान हलवावी. असं आठवडाभर चाललं. रविवारच्या बसने तिला परत जायचं होतं.

मग ती माझ्या अंगणात येऊन बसली. मी कुऱ्हाडीचा दांडा तासत होतो आणि बराच वेळ तासत राहिलो.

"साहविरा, बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

"मेलेली माणसं बोलत नसतात. मी तरी कधी ऐकलं नाही."

तिने मान खाली घातली.

"तुला ठाऊक नव्हतं होय?" मी म्हणालो. "आईच्या वेळी माझ्या पुढ्यात तर बसली होतीस."

"ठाऊक होतं. पण तिथे बाबांना कोण ओळखत होतं? मला वाटलं, जिथे त्यांना ओळखणारं कुणीच नाही, तिथे ते लागू होत नाही." मग म्हणाली, "आणि सुरुवात मंचावर झालीच नव्हती. पहिल्या थंडीत मी खोलीवर एकटी असायचे. संध्याकाळी कोट घालायचे आणि दारामागे उभी राहून खोकायचे. मग वाटायचं, कुणीतरी घरी आलं. कितीतरी दिवस ते फक्त माझ्यापुरतं होतं."

मी दांडा बाजूला ठेवला. 

मी विचारलं, अजून करतेस का ते? तिने सांगितलं, बंद केलं. शेवटचं केलं तेव्हा मधेच थांबावं लागलं होतं. बाबा आता कसे खोकत असतील, हे आपल्याला माहीतच नाही, असं एकदम मनात आलं आणि घशातून आवाजच निघेना. लोकांना वाटलं तोही कवितेचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता ती दुसऱ्या कविता म्हणते. लोक टाळ्या वाजवतात आणि घड्याळ बघतात. बोलावणी कमी झाली आहेत. त्याचं तिला काही नव्हतं, किंवा होतं. पण ते सांगायला ती आली नव्हती.

"बापाने काय म्हणावं असं वाटतं तुला?"

"काहीही. शिवी दिली तरी चालेल. पण ती मलाच द्यायला हवी, दुसऱ्या कुणाला देतात तसली नको."

आईचं मन दुखावलं तर काय करायचं, याला आमच्याकडे रीत आहे. गोणपाट नेसून दारोदार धान्य मागायचं, लोकांचे शिव्याशाप खायचे, की झालं. बापाला जिवंतपणी पुरलं तर काय करायचं, याला नाही. मी म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. त्यांनी तपकीर ओढली आणि आकाशाकडे पाहिलं. तेव्हा ठरलं की हे साहविऱ्यालाच निस्तरायला हवं.

मी रुकुनीकडे गेलो. त्याला म्हणालो, तिने तुला मारलंय, आता तू तिला मार. शनिवारी तुझ्या खळ्यावर मळणीची इर्जिक आहे. त्या दिवशी कुणी कुणालाही काहीही म्हणावं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, हे तर पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. तिचे कपडे घाल आणि तिची नक्कल कर. फिटंफाट होऊन जाऊ दे. तो म्हणाला, मला येत नाही ते. मी म्हणालो, मोठी केलीस ना तूच? तो उठून कोंडवाड्याकडे निघून गेला. करेल असं मला वाटलं नव्हतं.

आमचं खळं म्हणजे गावामागचा उघडा खडक, पाच घरं मावतील एवढा सपाट. सकाळीच नाचणीची कणसं पसरली. एका बाजूला पुरुष, समोर बायका, हातांत लांब काठ्या. काठ्या एकदम खाली येतात, एकदम वर जातात, आणि त्या ठेक्यावर टोमणे सुरू होतात. दारूचं मडकं सावलीत. कुणाच्या आळशी जावयापासून सुरुवात झाली, मग गावप्रमुखांच्या पोटावर गेलं. मग सेकेसाईने भाचीकडे तोंड वळवलं.

"आमच्या भाचीला बापाचा कोट मापात बसतो गं, नवऱ्याचा मात्र कुठल्याच बाजारात मिळेना."

बायका खिदळल्या. मुचानेताने काठी खाली आणता आणताच उत्तर दिलं. "आत्याला मिळाले होते की. जो घातला तो उसवून टाकला."

सेकेसाई स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली. रुकुनी मान खाली घालून काठी चालवत होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी ठेका मोडला.

"या खडकावर एक मेलेला माणूस मळणी करतोय," मी म्हणालो. "माझ्या एकट्यालाच दिसतोय, की तुम्हालाही?"

काठ्या थांबल्या. कुणी हसलं नाही. जे गावात इतके दिवस कुणी म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं होतं.

रुकुनीने काठी खडकावर ठेवली. हात पुसले. मुलीपुढे गेला आणि हात पसरला.

"कोट."

ती घराकडे गेली आणि घेऊन आली. तिच्या बॅगेतच होता तो. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आपली वस्तू परत मागतोय. मलाही तसंच वाटलं. त्याने कोट अंगात घातला; पण हात बाह्यांमधून पूर्ण बाहेर काढलेच नाहीत. बाह्या पुढे लोंबत राहिल्या. गुडघ्यात वाकला, खांदे आत घेतले. डाव्या पायाची टाच उचलून, फक्त चवड्यावर चालायला लागला.

"काटा," सेकेसाई माझ्या शेजारी पुटपुटली. "टाचेत काटा मोडला होता तिच्या. किती दिवस तशीच चालायची."

तो मुचानेता झाला होता. हातातला नसलेला पाण्याचा डबा हिंदकळवत, ओठ हलवत, मनाशी काहीतरी जुळवत चालला होता. शेळ्या भलत्याच्या शेतात शिरल्या, हिचं लक्षच नाही. मग एकदम ध्यानात आलं, आणि ती शेळ्यांना मास्तरांच्या इंग्रजीत झापायला लागली. खडकावर हशा उठला, मडक्याजवळचे म्हातारेसुद्धा मांड्यांवर थापा मारायला लागले. मी आयुष्यभर हेच काम केलंय, तेव्हा प्रांजळपणे सांगतो, मला ते इतकं चांगलं जमलं नसतं. मला तिचा काटा आठवतच नव्हता.

मग तो विटेवर चढल्यासारखा उंच झाला आणि दोन्ही हातांनी मोठा पळा धरून भांड्यात ढवळायला लागला. आई नसलेल्या घरातली पोर, हात पुरत नाही म्हणून विटेवर उभी. तिने बापाला वाढलं. मग दाराशी जाऊन बसली आणि बाप खातोय की नाही ते बघत राहिली. स्वतःचं ताट घेतलंच नाही. खडकावरचं हसू विरलं.

शेवटी बस आली. पोरीने कोट घातला, बाह्यांतून बोटंही दिसेनात. ती बसमध्ये चढली, बसली. बस निघाली. रुकुनी तसाच बसल्याच्या पवित्र्यात, मान ताठ, समोर बघत राहिला. मान वळली नाही. आम्ही सगळे वाट बघत होतो, पण ती वळली नाही.

मग तो सरळ उभा राहिला. बाह्या लोंबतच होत्या. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याच्या रोजच्या, आम्ही कितीतरी काळ न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "इथून पुढची मला येत नाही."

माझ्या मनात हिशेब होता फिटंफाटीचा. तिने त्याची थट्टा केली, त्याने तिची करावी. पण तो जिची नक्कल करत होता ती पोर त्या बसमधून गेली ती परत आलीच नव्हती, आणि मुचानेता ज्याची नक्कल जगभर करत फिरली तो रुकुनीही त्याच नाक्यावर शर्टावर उभा राहिला होता, तिथेच संपला होता. दोघंही गेलेल्या माणसांचीच नक्कल करत होते. मला फार वाईट वाटलं. साहविऱ्याला असं वाटायची परवानगी नाही, पण वाटलं.

मुचानेता उठली. तिच्याकडे कोट नव्हता, माईक नव्हता. ती खडकाच्या मधोमध आली आणि बॅग ओढत असल्यासारखी चालायला लागली. घाईने, कडेकडेने, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने. दार उघडलं, आत आली. दिवा लावला. बूट काढून ओळीत ठेवले. पलंगाच्या एका कडेवर बसली, दुसरी बाजू कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी. कागदातलं काहीतरी काढून गार गारच खाल्लं. आणि मग आरशापुढे उभी राहून आपल्या भाषेत हळूहळू बोलायला लागली. वस्तूंची नावं घेत होती. सूप. मडकं. रवी. चुलीतली राख. आंब्याचा चीक. विसरू नयेत म्हणून.

"इथे दार वाजत नाही," ती आरशाला म्हणाली. "वाजलं तर चादर बदलायला आलेली बाई असते. ती 'माफ करा' म्हणते आणि जाते."

एखाददुसरा हसला आणि थांबला. ती बापाकडे बघतच नव्हती. पण मी रुकुनीकडे बघत होतो. तो डोळ्याची पापणी न हलवता बघत होता. पायाकडे, हाताकडे, ती मान कशी धरते त्याकडे. मी माणसाकडे असं बघतो, जेव्हा मला त्याला पाठ करून ठेवायचं असतं.

मळणीची धूळ होती हवेत. दिवा मालवायला म्हणून तिने हात वर केला आणि तिला खोकला आला. दोन आखूड, एक लांब. विहिरीवरच्या पोरांनाही तो ओळखू आला. ती दचकली, तिने तोंडावर हात ठेवला.

रुकुनी पुढे आला. "हा माझा काढलास, की तुझा?"

"माझा आहे, बाबा. आता मला असाच येतो."



"मग औषध घे," तो म्हणाला. "अंगावर काढायची खोड गेली नाही तुझी अजून."

एवढंच. मग त्याला स्वतःला खोकला आला, आणि या वेळी त्याने तो गिळला नाही. तो आता दोन आखूड, एक लांब असा राहिलाच नव्हता. ओला होता, खोल होता, आणि संपतच नव्हता. तो संपेपर्यंत मुचानेता मान कलती करून ऐकत राहिली. गावप्रमुखांनी काठी उचलली, बायकांनी उचलली, आणि आम्ही उरलेली नाचणी मळायला घेतली.

रविवारी मी त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेलो. दोघं वाटेत बोलत होते, फार नाही. शेळ्यांचं, छपराचं, तिच्या खोलीत थंडीला काय करतात त्याचं. बस आल्यावर त्याने पुन्हा तोच कोट तिच्या अंगावर घातला. तिने बाह्या दुमडल्या, त्या आता बरोबर मनगटापर्यंत आल्या. परत कधी येशील, असं त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. तिच्या कामात ती एका ठिकाणी थांबू शकत नाही, आणि तो हे घर सोडू शकत नाही. एका शनिवारने ते बदलणार नव्हतं.

ती खिडकीशी बसली. बस निघाली, आणि रुकुनी लगेच वळला आणि घराच्या वाटेला लागला, मान ताठ धरून, खोकत. त्याला दुसऱ्यांदा ती न वळलेली मान बघायची नव्हती. मी मात्र उभा होतो. बस वळणाला लागायच्या आत मुचानेता वळली. पूर्ण वळली, खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि बघत राहिली. तिला बापाची पाठ दिसली.

ती वळली होती हे रुकुनीला माहीत नाही. तो का वळला हे तिला माहीत नाही. मी दोघांनाही सांगितलेलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी रुकुनीला सांगून मोकळा झाला असता. पण खोकला, काठी, शेळी, सगळं तिने जगाला दाखवून संपवलंय. माझ्याकडे कुणी न पाहिलेलं एवढंच उरलं आहे. ज्या दिवशी मला त्याचा दुसरा कोट अंगात घालावा लागेल, त्या दिवशी मी नकलेच्या शेवटी नाक्यावर उभा राहीन, त्याच्यासारखी मान ताठ करून वळेन आणि खोकत चालायला लागेन. ती त्या दिवशी कुठल्या देशात असेल आणि तिला वेळेत यायला जमेल का, एवढीच मला काळजी आहे.